मुरडीचं पाणी

औषधांना मंजुरी देणारे तुम्ही, न बघता शिक्कामोर्तब केलंत. "औषध आणि रंगीत पाणी यांच्या परिणामात फरक आढळला नाही, सबब औषध निरुपयोगी." एवढी एक ओळ पडद्यावर आली, तुम्ही तिच्यावर बोट टेकवलंत आणि जेवायला उठलात. धामणखारात काय घडलं ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं आता म्हणू नका. रुचिता गावंडनं सांगितलं होतं. लेखी सांगितलं, तोंडी सांगितलं, तुमच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. तेव्हा तुमचे कान दुसरीकडे होते. म्हणून आता सगळं पहिल्यापासून ऐका.

धामणखार हे खाडीकाठचं गाव. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं तर एका अंगाला पाणी छातीशी आल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या अंगाला घरांची कौलं पायाखाली दिसतात. मधे फक्त मातीचा बांध. सन २०४१ उजाडलं, माल वाहणारी ड्रोनं खाडीवरून बगळ्यांसारखी रांगेनं जाऊ लागली, तरी बांध मातीचाच राहिला आणि गावाचं पोट बिघडलेलंच राहिलं. आतड्याला सूज, पोटात पीळ, रक्त. एका आळीत एक घर सुटलं तर नशीब. वरच्या अंगाचे कारखाने खाडीत काय सोडतात याचा तपास करायला एक समिती आली, तिनं कोळंबीचं कालवण खाल्लं आणि दुसरी समिती नेमावी अशी शिफारस केली.

रुचिताची वहिनी वैजयंती याच दुखण्यात सापडलेली. गणपतीच्या कारखान्यात ती डोळ्यांची आखणी करायची. आखणी म्हणजे काय, हे मूर्ती विकत घेणाऱ्याला कळत नाही. श्वास रोखायचा, कुंचला टेकवायचा आणि एका दमात पापणीची रेघ ओढायची. मधे हात थांबला की देव झोपाळू दिसतो. वैजयंतीच्या हातून मूर्तीचा एक डोळा व्हायचा आणि दुसऱ्याच्या आधी पोटात कळ यायची, की कुंचला टाकून ती मागच्या दारानं पळायची. दुसरा डोळा मग कुणीतरी उरकायचं.

"औंदाचे बाप्पा जरा तिरळे बगतान," असं गिऱ्हाईक म्हणालं, तेव्हा ती हसली होती. पण त्यानंतर तिनं दोन दिवस कुंचला हातात धरला नाही.

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मोठं आतडं काढायचं आणि पोटावर पिशवी लावायची. वैजयंतीनं एकच विचारलं, "पिशवी लावल्यावर मांडी घालून वाकता येतं काय?" डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही.

अशा गावात रुचिता औषध घेऊन आली. ती इथलीच पोर, पुण्यात शिकली आणि डॉक्टर पारसनीसांच्या प्रयोगशाळेत लागली. पारसनीस आयुष्यभर मुरडशेंगेच्या मागे होते. रानात झुडपावर लागते ती, दोरीला पीळ घालावा तशी मुरडलेली शेंग. बाळाच्या पोटात मुरडा आला की आया गुटीत ती उगाळून देतात. उगाळून देतात हे सगळ्यांना माहीत, पण ती आत जाऊन करते काय, हे पारसनीसांनी शोधलं.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त. हे समजावून सांगायला रुचिताला गावात जराही कष्ट पडले नाहीत. "आपला बांध," ती म्हणाली, आणि माना हलल्या. पेशींमधले सांधे सैल झाले, की खेकड्यानं बांधाला बीळ पाडावं तसं पलीकडचं अलीकडे झिरपायला लागतं. मग शरीर घाबरून धावत येतं. फुटल्या बांधाची खांड बुजवायला धावलेल्या माणसांनी गर्दीत बांधच तुडवून टाकावा, तशी ही सूज. शेंगेचा अर्क स्वतः काही बुजवत नाही. मोठ्या आतड्यातल्या एका जातीच्या जिवाणूंचं ते खाद्य आहे. ते खाऊन हे जिवाणू जे रेणू सोडतात, त्यांनी सांधे पुन्हा घट्ट होतात.

याच रेणूंना एक खोडही होती. आतड्यातून निघून मेंदूपर्यंत जाणारा एक लांब मज्जातंतू आहे, त्याला ते हळूच हलवून जातात. त्यामुळे झोपेतला स्वप्नांचा भाग वाढतो. स्वप्नं लांब होतात, त्यांचे रंग गडद होतात आणि सकाळी ती विसरली जात नाहीत. पारसनीसांनी दुष्परिणामांच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: स्वप्ने.

चाचणीची सभा गणपतीच्या कारखान्यातच भरली. रंग न लागलेल्या मूर्ती पांढऱ्याफटक बसलेल्या आणि त्यांच्यामधे माणसं. चाचणीची रीत रुचितानं न लपवता सांगितली. अर्ध्या लोकांच्या बाटलीत अर्क असेल आणि अर्ध्यांच्या बाटलीत तसंच दिसणारं, तसंच कडू पाणी. कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळणार नाही, तिलाही नाही. शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची. मनगटावर झोप मोजणारी पट्टी बांधायची आणि महिन्याला रक्ताचा आणि विष्ठेचा नमुना द्यायचा.

"म्हंजे अर्ध्या घरांना नुसतं पानी?" वैजयंतीनं विचारलं.

"कडू पाणी, वहिनी."

लोक हसले. वैजयंती हसली नाही. "नि कुनाला काय द्यायचं ते ठरवनार कोन?"

"संगणक."

"त्याच्या घरी कोन आजारी हाय काय?"

"वहिनी, असंच करावं लागतं. नाहीतर औषधानं बरं वाटलं का मनानं, ते कसं कळणार?"

"बरं," वैजयंती म्हणाली. एवढ्या पटकन ती कधी कुणाचं ऐकत नसे, हे तिच्या नणंदेच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

कारण धामणखारात वाटप कसं होतं हे रुचिताला लहानपणापासून ठाऊक होतं. जाळं ओढलं की मासळीचे वाटे जमिनीवर मांडतात. एक जण पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कुनाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. कुणाला मोठा आला, कुणाला बारका आला, तर तक्रार नाही. पण वाटा सगळ्यांना. जो जाळ्यावर आला नाही त्यालाही, जो परगावी आहे त्यालाही. आंधळेपणानं द्यावं हे गावाला पटत होतं. कुणाला काहीच देऊ नये, हे मात्र गावाच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. पुण्याच्या वाऱ्याला राहून रुचिता नेमकं तेवढंच विसरली होती.

महिना उलटला आणि गावाला स्वप्नं पडू लागली.

सकाळी कारखान्यात माणसं कामाच्या आधी स्वप्नं सांगत बसत. कुणी मिठागरात चालत होतं आणि पायाखालचं मीठ गात होतं. शेजारच्या बेबीताईच्या स्वप्नात बांधावर भाताची पेज उतू जाऊन खाडीला मिळत होती आणि सगळी खाडी गोडी झाली होती. वैजयंतीचं स्वप्न रोज तेच, पण रोज थोडं पुढे सरकायचं.

"मी खाडीच्या तळाला बसलीय," ती सांगायची. "वरती उजेड हलतोय. नि वरून गनपती येतान. बुडवलेले, रंग गेलेले, डोले पुसलेले. एकेक माझ्यापुढं येऊन बसतो. मी डोले काढते. पान्यात रंग पसरत नाय गो. नि डोले झाले की तो उठून चालाय लागतो, वर, उजेडाकडं."

"मना का दिसत नाय असलं कायबी?" तिचा नवरा, रुचिताचा थोरला भाऊ दादूस, म्हणायचा. त्याचं पोट धडधाकट, तो चाचणीत नव्हताच. "मी डोले मिटतो नि डायरेक सकाल. एक पळी मना पन दे की!"

"गप ऱ्हा. निरोग्याला कशाला पळी?"

रुचिता हसली. औषध बाटलीच्या टोपणानं मोजून घ्यायचं होतं. पळी कुठून आली, हे तिनं विचारलं नाही.

गौरीगणपतीच्या हंगामात वैजयंतीनं एकाच बैठकीत मूर्तीचे दोन्ही डोळे काढले. मग दुसऱ्या मूर्तीचे, मग तिसऱ्या. दुपारी दादूस जेवायला बोलवायला आला आणि दारातच थांबला. ती मांडी घालून वाकलेली, ओठ दाबलेले, पापणीची रेघ ओढत होती, आणि तिच्या मागे मूर्तींची अख्खी ओळ दाराकडे बघत होती. तो तसाच परत गेला.

"पारसनीस सायबाला जिताडा धाडायचा," त्यानं जाहीर केलं. धामणखारात दारच्या तळ्यात जिताडा मासा वाढवतात तो घरी खायला नव्हे. ज्याच्यापुढे मान लवते, त्याला नेऊन देण्यासाठी. रुचितानं कपाळाला हात लावला. "दादूस, ते शाकाहारी आहेत!"

"मग नुसता बगूदे."

आणि मग निकाल आला.

दोन्ही गटांची सूज कमी झाली होती, आणि सारखीच कमी झाली होती. ज्यांना औषध मिळालं ते जेवढे सुधारले, तेवढेच ज्यांना पाणी मिळालं तेही सुधारले. तुमचं गणित सरळ होतं. फरक शून्य, म्हणून औषध शून्य. उरलेला अर्क नष्ट करा.

गट उघडले तेव्हा रुचितानं आधी वहिनीचं नाव बघितलं. वैजयंती गावंड: पाणी.

ती बांधावर जाऊन बसली. ओहोटी होती, चिखलात निवटीचे बारके मासे उड्या मारत होते. पाण्यानं कदाचित बरं वाटेल, ती विचार करत होती. माणसाचं मन काहीही करतं. पण विष्ठेतलं सुजेचं प्रथिन निम्म्यावर येईल? आणि ते स्वप्न? दोन्ही गटांच्या मनगटावरच्या पट्ट्यांनी स्वप्नांची झोप वाढलेली दाखवली होती. औषधानं स्वप्नं वाढतात, हे तर तिनं गावात कुणाला सांगितलंच नव्हतं. जे सांगितलेलं नाही ते मन कुठून आणेल?

तेव्हा तिला पळी आठवली.

कारखान्यात वैजयंती एकटीच रंग कालवत होती. "वहिनी, तुझ्या बाटलीत पाणी होतं."

"असंल."

"असंल काय? मग तू बरी कशी झालीस?"

वैजयंतीनं कोपऱ्यातला मोठा टोप पुढे ओढला. घासूनपुसून लख्ख ठेवलेला. "बाटलीतनं कोनी घेतलंच नाय. सगल्यांच्या बाटल्या हितं वतायच्या, ढवळायचं, नि एकेक पळी ज्याची त्याला. पयल्या दिवसापासनं."

रुचितानं टोपात डोकावून बघितलं. म्हणजे सगळ्यांना औषध मिळालं होतं. अर्ध्या मात्रेनं, पण सगळ्यांना.

"तुम्ही औषध मारलंत, वहिनी! दोन्ही गटांना सारखंच दिलंत तर फरक दिसणार कुठून? ते निरुपयोगी ठरलं! आता ते बनणारच नाही!"

"आमी मारलं नाय. आमी वाटलं."

"मी समजावून सांगितलं होतं ना?"

"तू सांगितलंस म्हनून तर वाटलं." वैजयंतीनं कुंचला खाली ठेवला. "बेबी पलीकडं रगात टाकत बसंल नि मी बरी व्हईन. आनि रोज सकाली तिच्या दारावरनं मी कामाला येईन. कशी येऊ? तूच सांग, कुठल्या तोंडानं येऊ?"

रुचिताचं उत्तर पुस्तकातलं होतं. ते या टोपापुढे तोकडं पडत होतं.

तिनं पारसनीसांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विसरून जा, रुचिता. हे बाहेर पडलं तर तुझी नोंदणी रद्द होईल, माझी प्रयोगशाळा बंद होईल. आणि तुझ्या गावाला परत कुणी कुठल्या चाचणीत घेणार नाही. अविश्वासू गाव म्हणतील."

"आणि गप्प बसले तर?"

"तर एक औषध गेलं. औषधं जातात."

"आणि वहिनी?"

पारसनीसांनी फोन ठेवला नाही, पण ते पुढे काही बोललेही नाहीत. हा भला माणूस. भल्या माणसांच्या अशा गप्प बसण्यावरच तुमची खुर्ची टिकून आहे.

अर्क संपला आणि गावातली स्वप्नं विरायला लागली. आधी रंग गेले. मिठाचं गाणं थांबलं. बेबीताईची खाडी पुन्हा खारट झाली. "आज पानी गढूळ होतं," वैजयंती म्हणाली. काही दिवसांनी म्हणाली, "गनपती आले, पन माझ्या हातात कुंचला नवता." आणि एका सकाळी तिनं काहीच सांगितलं नाही. रुचितानं विचारलं तेव्हा म्हणाली, "तलाला गेलीच नाय गो." दुपारी ती कुंचला टाकून मागच्या दारानं पळाली. मूर्तीचा एक डोळा झाला होता.

इस्पितळानं शस्त्रक्रियेचा दिवस दिला.

मग रुचितानं लिहिलं. सगळं लिहिलं. टोप, पळी, वाटा, स्वतःचा गाफीलपणा. आणि एक साधी मागणी केली. ज्यानं अर्क घेतला त्याच्याच रक्तात त्याची एक रासायनिक खूण उरते. पाणी घेणाऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या तुमच्या शीतपेटीत पडून आहेत. त्या तपासा. खूण सापडली की सिद्ध झालं, त्यांच्याही पोटात औषध होतं आणि औषधानंच ते सुधारले.

तुमचं उत्तर आलं: "चाचणीचे नियम मोडले गेल्याने सदर माहिती ग्राह्य धरता येत नाही. पूर्वीचा निष्कर्ष कायम." वा! माहिती ग्राह्य नाही, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष कायम. पायाच खोटा म्हणता आणि वरचा मजला तेवढा खरा ठेवता?

सुनावणी मागून मागून मिळाली. निघायच्या सकाळी वैजयंतीनं रुचिताच्या हातात एक छोटी बाटली ठेवली. तळाशी तपकिरी पाणी.

"हे काय?"

"तुझा वाटा. टोपातनं तुझी पन पळी काढून ठेवायची. तू गावातली न्हवं? परगावी ऱ्हातेस म्हनून काय झालं."

"वहिनी, अगं हे तू घे! चार दिवस तरी बरं वाटेल."

"चार दिवसांनी काय व्हनार?" वैजयंतीनं तिची मूठ मिटवली. "ने. त्यांना दाखव."

बसमध्ये रुचिताचा डोळा लागला. तिनं तो अर्क कधी जिभेला लावला नव्हता, तरी तिला दिसलं. थंड, निळसर पेटीत नळ्या ओळीनं उभ्या आहेत, पांढऱ्याफटक, कारखान्यातल्या मूर्तींसारख्या. कुणालाच डोळे नाहीत. सगळ्या तिच्याकडे तोंड करून वाट बघत आहेत. तिनं खिशात हात घातला तर कुंचला नव्हता. ती जागी झाली तेव्हा मुठीत बाटली होती.

तुम्ही पाच जण टेबलाच्या पलीकडे बसला होतात. मधल्यानं, म्हणजे तुमच्या अध्यक्षांनी, चष्मा वर ढकलला. "बाई, स्वप्नं हा पुरावा नसतो."

"नसतो," रुचिता म्हणाली. "रक्त असतं."

"औषध मिळतंय या भावनेनंही माणसं सुधारतात. हे तुम्हाला शिकवलं असेलच."

"शिकवलंय. वहिनीनं दहा वर्षं देशातली सगळी औषधं याच भावनेनं घेतली. अंगारेही लावले. एकदाही दोन्ही डोळे पुरे झाले नाहीत."

"डोळे? कसले डोळे?"

"ते राहू द्या. मी नियम मोडू दिला, माझी नोंदणी काढून घ्या. गावाला नवी चाचणी द्या. या वेळी पाळीनं देऊ, अर्ध्यांना आधी, अर्ध्यांना नंतर. वाट बघायला गाव तयार आहे, मी विचारून आले. फक्त कुणाला कायमचं वगळू नका, म्हणजे टोप निघणार नाही. पण त्याआधी एक नळी उघडा. एकच. वैजयंती गावंडची. तुमच्या यादीत ती पाणी प्यायली आहे. तिच्या रक्तात खूण नसेल तर मी खोटी, गाव खोटं."

"नमुने नियमानुसार महिनाअखेर नष्ट होणार आहेत."

"म्हणून तर आज आले."

तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. एकानं घड्याळ बघितलं. रुचितानं बाटली टेबलावर ठेवली, तुमच्या पाण्याच्या पेल्यांच्या मधोमध. "हा माझा वाटा. यात अर्क निम्म्या ताकदीचा निघतो का, तेही तपासता येईल."

बाटलीला कुणी हात लावला नाही. अध्यक्ष म्हणाले, "कळवू."

ती गावी परतली तेव्हा कारखान्यात ती मूर्ती तशीच होती. एक डोळा उघडा, एका डोळ्याच्या जागी पांढरी माती. वैजयंती भिंतीला टेकून पोट दाबून बसली होती. दुसरा डोळा ती कुणाला काढू देत नव्हती. इस्पितळातही जात नव्हती.

"काय म्हनाले?"

"कळवतो म्हणाले."

"मग थांबते," वैजयंती म्हणाली आणि डोळे मिटले, जणू तळापर्यंत जायचा रस्ता अजून सापडतो का ते बघावं तसे.

ती थांबली आहे. महिना संपत आला. शीतपेटी तुमच्याकडे, किल्ली तुमच्याकडे, बाटली तुमच्या टेबलावर. गावानं नियम मोडला, हो, मोडला. सगळ्यांना दिलं, हाच त्याचा गुन्हा. तुमचा गुन्हा कुठला, ते एक नळी उघडली की कळेल, म्हणूनच ती उघडत नाही ना? कळवू नका. समिती नेमू नका. एका शब्दात सांगा, ती नळी उघडणार आहात की नाही?